जिवंत बाईचं पान

माझ्या नवऱ्याला पिवळा हायलायटर लागतो. विजेचं बिल असो, शाळेचं पत्रक असो की नव्या मिक्सरची माहितीपुस्तिका, हा माणूस टेबलाशी बसून ओळ न ओळ वाचतो आणि महत्त्वाचं वाटेल ते पिवळं करतो. लग्न झालं तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे सवय झाली, आणि नंतर तर सोयच. घरातले सगळे कागद त्याचे, सणवार आणि स्वयंपाक माझा, अशी आमची वाटणी पुण्याहून सिडनीला आलो तेव्हापासूनची. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळीवरचं लेबल आणि सोबतचा फॉर्म जुळतो की नाही हे बघण्यात माझा अर्धा दिवस जातो. नाव जुळतंय पण जन्मतारीख जुळत नाही असं दिसलं की मी नमुना परत पाठवते, मग फोनवर कितीही मोठा डॉक्टर ओरडू दे. त्यामुळे घरी येऊन आणखी कागद तपासायची मला मुळीच हौस नसे. नवरा तपासतोय ना, मग झालं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या आळसाचाही वाटा आहे.

आमचा मुलगा आफ्रिकेतला. देशाचं नाव लिहीत नाही. ते त्याचं आहे, त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. आपल्याला मूल होणार नाही हे मान्य करायला आम्हाला सात वर्षं लागली. मग दत्तक घ्यायचं ठरलं. नवऱ्याने लग्नाआधी दोन वर्षं त्या देशात नोकरी केली होती, तिथली भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती, तिथल्या लोकांबद्दल तो नेहमी प्रेमाने बोलायचा. म्हणून आम्ही तिथलं मूल मागितलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आपल्याकडची मुलं संपली का गं?" मी म्हटलं, "आई, मूल आपल्याकडे आलं की आपल्याकडचंच होतं." या उत्तरावर मी पुढे कितीतरी दिवस खूश होते.

मग एका संस्थेकडून एका पानाची माहिती आली. मुलगा, वय चार. वडील, माहीत नाहीत. आई, मृत. त्या शेवटच्या शब्दावर मी रडले. आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. कुणाच्या हातातून ओढून आणतोय असं होणार नव्हतं. त्याला कुणी उरलं नाही आणि आम्हालाही कुणी नाही, असा तो हिशेब माझ्या मनात पक्का बसला.

तीन आठवडे आम्ही तिथे एका गेस्टहाउसमध्ये राहिलो. रोज सकाळी अनाथालयात जायचं, त्याच्याबरोबर बसायचं. तो पहिल्या दिवशी पायरीवर बसला होता, उजवा बूट डाव्या पायात आणि डावा उजव्या पायात. मी बूट बदलून द्यायला गेले तर पाय मागे घेतला. चौथ्या दिवशी त्याने माझ्या ओढणीचं टोक धरलं आणि जेवायची घंटा होईपर्यंत सोडलं नाही. कोर्टात आम्हा दोघांच्या सह्या झाल्या. कोर्टातून शेवटचे कागद आणायचे राहिले होते, त्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या. नवरा एकटा गेला.

दुपारी तो परत आला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिला. बूटही काढले नाहीत.

"झालं ना सगळं?" मी विचारलं.

"झालं."

"मग तोंड असं का?"

"रांग फार होती," तो म्हणाला.

रांगेने त्याचं डोकं फिरतं हे मला माहीत होतं. मी कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला घेऊन निघालो. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड, गोल ब्रेड होता. छातीशी धरलेला. अनाथालयातल्या मावशींनी वाटेसाठी दिला असेल असं मी धरून चालले. विमानतळावर नवरा काउंटरवरच्या मुलीशी चक्क भांडला. मुलाला खिडकीची जागा हवी म्हणजे हवी. हॉटेलात थंड चहा आला तरी मुकाट पिणारा हा माणूस. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं. बाप झाला, म्हटलं.

सिडनीला उतरताना कार्ड भरायचं असतं, खाण्याचं काही आणलंय का म्हणून. मी 'हो'वर खूण केली. तपासणीच्या टेबलावरचा माणूस चांगला होता. हातमोजे घातलेले, हसतमुख. "नो वरीज, मेट," असं मुलाला म्हणाला आणि ब्रेडसाठी हात पुढे केला. मुलगा देईना. मग मीच त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि ब्रेड त्या माणसाच्या हातात दिला. तो कचऱ्याच्या डब्यात गेला. त्यानंतर मुलगा जो रडला तसं रडणं मी आजवर ऐकलेलं नाही. मी जमिनीवर बसून त्याला मराठीत सांगत होते, "घरी खूप ब्रेड आहे रे राजा, खूप ब्रेड आहे." त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. नवरा बॅगा बघून येतो म्हणून गेला तो रडणं थांबल्यावरच परत आला. मी समजले, हळवा आहे, बघवलं नसेल.

चार-पाच महिन्यांत तो चाइल्डकेअरमध्ये इंग्लिश शिकला. एकदा सकाळी टोस्टकडे बोट दाखवून म्हणाला, "मम्मा गिव्ह ब्रेड." मला तो आई म्हणायचा, मम्मा म्हणजे त्याला जन्म देणारी. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि नीट समजावलं. ब्रेड दिला ती तिथली आंटी. मम्मा बाप्पाकडे गेली, तू खूप लहान होतास तेव्हाच. त्याने नाही म्हणून मान हलवली. "मम्मा कम. गिव्ह ब्रेड." मी पुन्हा सांगितलं, आंटी. चुकीचं लेबल दिसलं की मला राहवत नाही. नवरा शेजारीच टोस्टला लोणी लावत होता. मुलगा तिसऱ्यांदा काही बोलला नाही.

त्या सप्टेंबरमध्ये पितृपक्ष आला. सासऱ्यांचं पान आम्ही दरवर्षी ठेवतो. भटजी नाही, विधी नाही, नुसतं पान. ब्लॅकटाउनच्या दुकानातून केळीची पानं आणायची, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी करायची आणि परसात पत्र्याच्या कुंपणापाशी कावळ्यासाठी घास ठेवायचा. त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला मी सासऱ्यांच्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीच तर ती अमावस्या असते.

"हे कोणाचं?" नवऱ्याने विचारलं.

"त्याच्या आईचं."

"कशाला? पोराच्या डोक्यात आत्तापासून कशाला भरतेस?"

मी तडकले. "जिच्या पोटचं पोर आपण वाढवतोय तिला वर्षातून एक घास नको? एवढं मन कोतं कधीपासून झालं तुझं?"

तो मान खाली घालून केळीचं पान पुसायला लागला. मला वाटलं, लाजला.

मग तो रिवाजच पडला. मुलगा दोन्ही हातांनी पान उचलून कुंपणापर्यंत नेऊ लागला. मम्मासाठी एक वडा जास्त, हा नियम त्याने घातला. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा थोराड आणि रडक्या आवाजाचे, पण वड्यावर तसेच झडप घालतात. एका वर्षी मात्र सासऱ्यांचं पान साफ झालं आणि तिच्या पानाकडे एकही कावळा फिरकेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलंय, आणि मग त्याला तोंडाने वचन द्यावं लागतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी पदर खोचला, हात जोडले आणि त्या पानासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, "काळजी करू नका बाई. तुमच्या लेकाला मी काही कमी पडू देणार नाही." मुलानेही हात जोडले. नवरा काचेच्या दारात कप घेऊन उभा होता. "मी आत जातो," म्हणाला आणि गेला. अर्ध्या तासाने एक मॅगपाय, इथला काळा-पांढरा पक्षी, येऊन खीर चिवडून गेला, त्यावर आम्ही समाधान मानलं.

अशी सहा वर्षं.

यंदा डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं आणि मुलाचा पासपोर्ट नवा करायला हवा होता. शनिवारी सकाळी बापलेक सॉकरला गेले होते. अर्ज भरून टाकावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याची निळी फाइल उघडली. नागरिकत्वाचा दाखला सापडला. त्याच्याही मागे, अगदी तळाशी, प्लास्टिकच्या कव्हरात दोन कागद होते. एक तिथल्या भाषेतला, खाली जांभळ्या शाईचा अंगठा. दुसरा त्याचा इंग्लिश तर्जुमा. मुलाची जन्मदात्री आई आज कोर्टात हजर राहून संमती देत आहे, असं त्यात होतं. खाली तिची एक विनंती होती. वर्षातून एकदा मुलाचा फोटो मिळावा.

विनंतीची ओळ पिवळी केलेली होती.

तारीख मला उलट्या झाल्या त्या दिवसाची. मी लॅबमध्ये करते तेच केलं. नाव दुसऱ्या कागदांशी ताडून पाहिलं, जुळलं. मुलाची जन्मतारीख जुळली. केस नंबर जुळला. मेलेली बाई अंगठा देत नाही. मी चार वेळा वाचलं आणि मग तिथेच फरशीवर बसले. सहा वर्षं मी एका जिवंत बाईचं पान मांडत होते, आणि तिच्याच मुलाला दोन्ही हातांनी ते कावळ्यापुढे ठेवायला लावत होते. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते.

चार दिवस मी ब्र काढला नाही. मला भीती होती की तोंड उघडलं तर मुलासमोरच सगळं बाहेर पडेल. डबे भरले, कपडे वाळत घातले, कागद माझ्या पर्समध्ये. बुधवारी दुपारी नवरा मला शिफ्टनंतर घ्यायला आला. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी गाडीत बसले आणि कागद त्याच्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला. त्याने गाडी सुरू केली होती, ती बंद केली.

"कुठे मिळाला?" त्याने विचारलं.

"तुझ्या फाइलीत. तुझ्या हायलायटरसकट."

मग बोलायला लागला तसा सगळं बोलला. संस्थेच्या वकिलाने त्या दिवशी कोर्टात एका बाईला पुढे आणलं. ती आजारी होती, खोकत होती, घरी आणखी तीन मुलं. संस्थेच्या माहितीत मृत का लिहिलंय असं नवऱ्याने विचारलं, तर वकील म्हणाला, तसं लिहिलं की मुलाला लवकर घर मिळतं.

"मी तिच्याशी बोललो," नवरा म्हणाला. "तिच्या भाषेत. दोनदा विचारलं, नक्की ना? ती हो म्हणाली. आय स्वेअर, तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती."

"आणखी काय म्हणाली?"

"विमानात त्याला खिडकीजवळ बसवा म्हणाली."

मला तो काउंटर आठवला, त्याचं ते भांडण, आणि मला वाटलेलं कौतुक.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आणलं नसतंस त्याला."

हे खरं होतं. आई जिवंत आहे कळलं असतं तर मी तो उंबरा ओलांडला नसता. रिकाम्या हाताने परत आले असते आणि आयुष्यभर स्वतःला शहाणी म्हणवून घेतलं असतं. पण ते मी ठरवायचं होतं, आणि त्याने मला ठरवू दिलं नाही. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, "मला मान्य आहे." मान्य आहे म्हणे.

"आणि फोटो? किती पाठवलेस?"

"एकही नाही."

"का?"

"पाठवला असता तर उत्तर आलं असतं. उत्तर आलं असतं तर तुला कळलं असतं. सांगणार होतो गं. पण तू ते पान मांडायला लागलीस, मग कुठल्या तोंडाने सांगू?"

म्हणजे दोष माझ्या पानाचा. मी कागद उचलून पर्समध्ये ठेवला. तेव्हा त्याने एक वाक्य टाकलं. "आपल्याकडे म्हणतात ना, जिवंत माणसाला मेलं म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं. वाढलंच असेल तिचं."

मी गाडीतून उतरले आणि स्टेशनपर्यंत चालत गेले.

परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे केसाने गळा कापणारा रात्री माझ्याच घरी भांडी घासत होता. खोटं बोलला याचा राग होताच. पण त्याहून जास्त जळत होतं ते हे, की मी परसात पदर खोचून, हात जोडून उभी असताना तो माझ्याकडे बघत होता. मी एका बाईला वचन देत होते आणि तिने खरोखर मागितलं होतं ते, एक फोटो, याच्या फाइलीत पिवळं होऊन पडलं होतं. मी त्या आठवड्यात सहा फोटो निवडले, वर्षाला एक, आणि कागदावरच्या वकिलाच्या पत्त्यावर ईमेल केली. उत्तर आलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी खोकत असलेल्या बाईचं काय झालं असेल हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी पुन्हा कुठलंही लेबल लावणार नाही.

मग अमावस्या तोंडावर आली. मुलाने विचारलं, "आई, संडेला मम्माची प्लेट आहे ना? कॅन आय मेक द वडाज धिस टाइम?" तो आता साडेदहा वर्षांचा आहे, त्याला वडे थापायला आवडतात.

नवरा रात्रीच्या जेवणानंतर माझ्या मागे लागला. "एवढ्यात नको सांगूस. हायस्कूलला जाऊ दे. थोडा थांब."

"सहा वर्षं थांबलास की तू," मी म्हटलं. "आता मी सांगते."

रविवारी दुपारी मी फक्त सासऱ्यांचं पान केलं. मुलगा परसात बाकावर बसून सायकलच्या हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या लावत होता. सप्टेंबरात मॅगपाय डोक्यावर झेपावतात, त्यांना घाबरवायला शाळेतली सगळी पोरं हेल्मेटवर असे काटे करतात. मी त्याच्या शेजारी बसले. तीन आठवडे वाक्यं जुळवत होते, त्यातलं एकही आठवेना. शेवटी सरळ सांगितलं. तुझी मम्मा गेलेली नव्हती. आपण तुला आणलं तेव्हा ती जिवंत होती. कोर्टात आली होती, बाबांना भेटली होती. आम्हाला दिलेला कागद खोटा होता. बाबांना त्याच दिवशी कळलं होतं, मला या महिन्यात कळलं. आता ती कुठे आहे, कशी आहे, आम्ही शोधतोय.

मी बाबांबद्दलच्या प्रश्नाची वाट पाहत होते. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, धार लावून ठेवलेलं. नवराही तेवढ्यासाठीच काचेच्या दारात उभा होता, कपाशिवाय.

मुलाने हातातली पट्टी घट्ट ओढली. मग म्हणाला, "आय नो."

"काय माहीत आहे?"

"शी केम. बिफोर द प्लेन. आय टोल्ड यू, आई. व्हेन आय वॉज लिटल. यू सेड इट वॉज द आंटी." त्याचा आवाज चढला नव्हता. "सो आय थॉट, ओके, मे बी आय गॉट इट राँग."

दारातला माणूस मला दिसत होता, पण त्याच्याकडे बघायला आता मला तोंड राहिलं नव्हतं.

मुलाने हेल्मेट मांडीवर ठेवलं. तो माझ्याशी सहसा इंग्लिशमध्येच बोलतो. मला नक्की कळावं म्हणून असेल, पुढचं त्याने मराठीत सांगितलं.

"तो ब्रेड तिचा होता. तू त्या माणसाला दिलास."

"हो," मी म्हणाले. "मी दिला."